शालेय बास्केटबॉल: जंप बॉलच्या जागी आलेला ताब्याचा बाण कसा सांभाळावा

दोन प्रतिस्पर्धी खेळाडूंनी एकाच वेळी चेंडू घट्ट धरला की पंच शिट्टी वाजवतात, दोन्ही अंगठे वर करतात आणि स्कोअररच्या (गुण नोंदवणाऱ्याच्या) टेबलावरच्या बाणाकडे पाहून हाताने दिशा दाखवतात. जुन्या नियमानुसार अशा वेळी जवळच्या वर्तुळात त्या दोघांमध्ये चेंडू उडवला जाई. आता चेंडू उडवला जातो तो सामन्याच्या सुरुवातीला, आणि त्यानंतर जंप बॉलचा प्रसंग आला की दोन्ही संघांना आळीपाळीने थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्याची संधी, मिळतो. पुढची पाळी कोणाची हे दाखवणारी खूण म्हणजे टेबलावरचा बाण. हा नियम दोन मिनिटांत वाचून होतो, परंतु शालेय सामन्यांत बाण चुकीच्या वेळी फिरवला जाणे, फिरवायचा राहून जाणे किंवा मध्यंतरात उलटसुलट होणे हे वारंवार घडते. टेबलावर बहुधा क्रीडाशिक्षक किंवा नववी-दहावीचे विद्यार्थी बसतात, आणि ऐन अटीतटीच्या वेळी ही चूक लक्षात आली की दोष त्यांच्याच माथी येतो. म्हणून हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी, आणि थोडा नव्या पंचांसाठीही आहे.

येथे दिलेली पद्धत फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार आहे, कारण आपल्याकडील शालेय स्पर्धा त्याच नियमांनी खेळवल्या जातात. अमेरिकेतील हायस्कुलांचे नियम काही बाबतींत वेगळे आहेत. ते फरक शेवटी स्वतंत्रपणे दिले आहेत.

सुरुवातीलाच दोन शब्द वेगळे करून ठेवावेत. पहिला शब्द हक्क, म्हणजे पुढचा आळीपाळीचा थ्रो-इन कोणत्या संघाला मिळणार ते. दुसरा शब्द दिशा, म्हणजे बाणाचे टोक या क्षणी कोणत्या बास्केटकडे आहे ते. हक्क संघाचा असतो, दिशा मैदानाची असते. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक चुका या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे झाल्या आहेत.

टप्पा 1: सामन्यापूर्वीची तयारी

बाण टेबलाच्या मध्यभागी, दोन्ही बेंचना आणि पंचांना स्पष्ट दिसेल असा ठेवावा. फिबाच्या साहित्यविषयक नियमांनुसार बाणाची लांबी आणि उंची किमान 100 मिलिमीटर असावी आणि तो चालू केल्यावर ठळक लाल रंगात उजळावा. तालुका पातळीवर विजेचा बाण क्वचितच असतो. तिथे प्लायवूडचा, लाल रंग दिलेला, मधोमध स्क्रूवर फिरणारा बाण पुरेसा होतो. मात्र सिमेंटच्या उघड्या कोर्टवर वाऱ्याने पुठ्ठ्याचा बाण आपोआप फिरतो किंवा पडतो, आणि तो उचलून परत ठेवणाऱ्याला आधीची दिशा आठवत नाही. त्यामुळे स्क्रू इतका घट्ट असावा की बाण हाताने जोर लावल्याशिवाय फिरणार नाही.

बाणाला तीन स्थिती हव्यात: डावीकडे, उजवीकडे आणि तटस्थ. दोनच स्थितींचा बाण असेल तर सुरुवातीच्या जंप बॉलचा निकाल लागेपर्यंत तो टेबलावर पालथा घालून ठेवावा. सामना सुरू होण्याआधीच बाण कोणत्या तरी बाजूला तोंड करून उभा असेल, तर पहिल्या मिनिटातच गैरसमज होतो.

यानंतर दिशा निश्चित करावी. मैदानाकडे तोंड करून टेबलावर बसल्यावर कार्यक्रमपत्रिकेत ज्याचे नाव आधी आहे त्या संघाचा बेंच आपल्या डाव्या हाताला असतो आणि त्याचे स्वतःचे बास्केटही डावीकडचे असते. फिबाच्या भाषेत स्वतःचे बास्केट म्हणजे ज्याचे रक्षण करायचे ते. या संघाला अ म्हणू. म्हणजे पहिल्या दोन क्वार्टरमध्ये अ संघ उजवीकडच्या बास्केटवर चढाई करतो आणि ब संघ डावीकडच्या. बाण नेहमी चढाईची दिशा दाखवतो. म्हणून पूर्वार्धात अ संघाचा हक्क असेल तर बाणाचे टोक उजवीकडे, अर्थात ब संघाच्या बेंचच्या बाजूला असते.

इथेच नवीन मुले हमखास चुकतात. त्यांना वाटते, बाण ज्या बेंचकडे आहे त्या संघाचा चेंडू. पूर्वार्धात हे नेमके उलटे असते.

सरावाच्या वेळी एक सोपी खूणगाठ बांधता येते. पहिल्या क्वार्टरपूर्वी प्रत्येक संघ प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे आपण चढाई करणार असलेल्या बास्केटवर सराव करतो. जो संघ जिथे सराव करतो आहे तिथेच पूर्वार्धात त्याचा बाण जाणार. स्कोअररने कच्च्या कागदावर डावीकडे एका टोकाला आणि उजवीकडे दुसऱ्या टोकाला चढाई करणाऱ्या संघाच्या जर्सीचा रंग लिहून तो कागद बाणाच्या पायथ्याशी ठेवावा. उदाहरणार्थ, डावीकडे ‘निळे’, उजवीकडे ‘पांढरे’. दोन्ही संघांनी संमतीने बाजू बदलल्या असतील तर हा कागद त्याप्रमाणे लिहावा. बेंचच्या सवयीवर विसंबू नये.

अधिकृत गुणपत्रिकेत बाणासाठी वेगळा रकाना नसतो. म्हणून कच्च्या कागदावर चार रकाने आखावेत: क्वार्टर, घड्याळातील वेळ, काय घडले, आणि आता हक्क कोणाचा. शेवटच्या रकान्यात ‘डावा’ किंवा ‘उजवा’ असे कधीही लिहू नये, संघच लिहावा.

*तपासणी: बाण तटस्थ आहे का? रंगांचा कागद पायथ्याशी आहे का? बाणाला हात कोणी लावायचा हे ठरले आहे का? ते काम स्कोअररचे आहे. टायमरने, शॉट क्लॉक (शॉट घेण्याची मुदत दाखवणारे घड्याळ) चालवणाऱ्याने किंवा शेजारी उभ्या शिक्षकांनी बाणाला हात लावू नये.*

टप्पा 2: सुरुवातीचा जंप बॉल आणि बाणाची पहिली दिशा

मुख्य पंच मधल्या वर्तुळात चेंडू सरळ वर, दोघांपैकी कोणीही उडी मारून पोहोचणार नाही इतका उंच उडवतात. चेंडू सर्वोच्च बिंदूला पोहोचल्यानंतरच त्याला हाताने टोलवता येते. उडी मारणाऱ्याने चेंडू पकडायचा नसतो, आणि तो जमिनीला किंवा अन्य खेळाडूला लागेपर्यंत दोनपेक्षा अधिक वेळा टोलवायचाही नसतो. चेंडू उडवताना चुकला, म्हणजे बुटका किंवा तिरका गेला, तर पंचांनी संकोच न करता तो पुन्हा उडवावा.

स्कोअररचे लक्ष मात्र एकाच प्रश्नावर असावे: मैदानावर जिवंत, म्हणजे खेळात असलेल्या, चेंडूचा ताबा प्रथम कोणी घेतला? ज्याने घेतला त्याच्या प्रतिस्पर्ध्याला आळीपाळीचा पहिला हक्क मिळतो. ब संघाच्या खेळाडूने चेंडू हातात धरला किंवा ड्रिबल सुरू केले, की बाण अ संघाच्या चढाईच्या दिशेने करावा आणि कागदावर पहिली ओळ लिहावी.

टोलवणे म्हणजे ताबा नव्हे. अ संघाच्या उंच खेळाडूने चेंडू टोलवला, तो दोघा-तिघांच्या हातांना लागून उडत राहिला आणि शेवटी ब संघाच्या खेळाडूने धरला, तर ताबा ब संघाचा आणि हक्क अ संघाचा. टोल कोणी जिंकला हे पाहून बाण फिरवणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

पहिल्या काही सेकंदांतील तीन प्रसंग आधीच समजून घ्यावेत.

टोलवलेला चेंडू थेट बाहेर गेला, किंवा उडी मारणाऱ्याने नियमभंग केला, तर प्रतिस्पर्ध्याला थ्रो-इन मिळतो. हा साध्या नियमभंगाचा थ्रो-इन आहे, आळीपाळीचा नाही. मैदानावर ताबा अद्याप कोणीही घेतलेला नसल्यामुळे बाण तटस्थच ठेवावा. थ्रो-इननंतर मैदानात ताबा कोणाचा होतो ते पाहून मगच दिशा द्यावी. ब संघाचा थ्रो-इन अ संघाने मधल्या मध्ये पळवला आणि ताबा घेतला, तर पहिला हक्क ब संघाचा होतो.

टोलनंतर लगेच, कोणाचाही ताबा येण्यापूर्वी, हेल्ड बॉल झाला, म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू एकाच वेळी घट्ट धरला, तर बाण वापरता येत नाही, कारण त्याला दिशाच मिळालेली नाही. अशा वेळी ज्या दोघांनी चेंडू धरला त्यांच्यात मधल्या वर्तुळात पुन्हा जंप बॉल होतो. घड्याळातील गेलेला वेळ गेलाच, तो परत भरला जात नाही.

तिसरा प्रसंग म्हणजे टोलनंतर, ताबा येण्यापूर्वी झालेला दुहेरी फाउल, म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांनी साधारण एकाच वेळी एकमेकांवर केलेला फाउल. तिथेही हेच लागू होते: त्या दोघांमध्ये पुन्हा जंप बॉल.

टप्पा 3: जंप बॉलचा प्रसंग कोणता आणि कोणता नाही

बाणाकडे केव्हा पाहायचे हे पंच ठरवतात. तरीही स्कोअररला यादी पाठ असावी, म्हणजे त्याची नजर आधीच तयार राहते. हेल्ड बॉल हा सर्वांत नेहमीचा प्रसंग आहे. चेंडू बाहेर गेला आणि शेवटचा स्पर्श कोणाचा याविषयी पंचांना शंका आहे किंवा दोन पंचांत मतभेद आहे, हा दुसरा. जिवंत चेंडू रिंग आणि बोर्ड यांच्यामध्ये अडकला तर तोही जंप बॉलचाच प्रसंग ठरतो. अपवाद फ्री थ्रोचा: पुढे आणखी फ्री थ्रो बाकी असेल किंवा फ्री थ्रोनंतर त्याच संघाला थ्रो-इन मिळणार असेल, तर बाण लागत नाही. शेवटचा फ्री थ्रो हुकला आणि त्याच वेळी दोन्ही संघांनी नियमभंग केला, तरी बाण पाहावा लागतो. दुसऱ्या क्वार्टरपासून प्रत्येक क्वार्टरची आणि प्रत्येक ओव्हरटाइमची सुरुवातही याच पद्धतीने होते.

दुहेरी फाउलच्या बाबतीत घाई टाळावी. फाउल झाला तेव्हा अ संघाकडे चेंडूचा ताबा असेल, तर थ्रो-इन अ संघालाच मिळतो आणि बाणाचा संबंध येत नाही. चेंडू रिबाउंडसाठी हवेत असताना, म्हणजे कोणाचाच ताबा नसताना, दुहेरी फाउल झाला आणि बास्केटही झाले नाही, तरच बाण पाहावा.

नव्या पंचांसाठी एक सूचना. चेंडू बाहेर गेल्यावर दोन्ही पंचांनी वेगवेगळ्या दिशा दाखवल्या, तर आधी एकमेकांशी बोलावे. एकाला खात्री असेल तर त्याचा निर्णय ग्राह्य धरावा. खात्री असूनही वाद नको म्हणून अंगठे वर करणे हा एका संघावर अन्याय आहे, कारण त्यामुळे दुसऱ्या संघाची पाळी विनाकारण खर्ची पडते.

टप्पा 4: थ्रो-इन, आणि बाण फिरवण्याचा नेमका क्षण

सगळ्यांत जास्त गोंधळ याच टप्प्यावर होतो, म्हणून तो सावकाश वाचावा.

1. पंच अंगठे वर करतात. स्कोअरर बाणाला हात लावत नाही. तो फक्त बाण पंचांना दिसतो आहे याची खात्री करतो.

2. पंच दिशा दाखवतात. ती बाणाशी आणि कागदावरील शेवटच्या ओळीशी जुळते का, हे स्कोअरर पाहतो. जुळत नसेल तर चेंडू खेळाडूच्या हाती जाण्यापूर्वीच पंचांचे लक्ष वेधावे.

3. प्रसंग घडला तिथून जवळच्या ठिकाणी, परंतु बोर्डच्या थेट मागे नव्हे, पंच थ्रो-इन घेणाऱ्याच्या हाती चेंडू देतात. आळीपाळीचा थ्रो-इन इथे सुरू होतो. बाण अजूनही हलवायचा नाही.

4. चेंडू हातातून सुटतो. तरीही बाण हलवायचा नाही.

5. मैदानातील कोणत्याही खेळाडूचा चेंडूला स्पर्श होतो. आळीपाळीचा थ्रो-इन इथे संपतो, आणि याच क्षणी बाण फिरवायचा. स्पर्श आपल्या खेळाडूचा की प्रतिस्पर्ध्याचा, याने फरक पडत नाही.

6. कागदावर ओळ लिहावी.

माझ्या शाळेतील मुलांना मी बाणाच्या कडेवर बोट टेकवून बसायला सांगतो. पंचांनी चेंडू दिला की बोट बाणावर, डोळे चेंडूवर, आणि स्पर्श झाला की बोट हलते. टायमरही त्याच स्पर्शाला घड्याळ सुरू करतो. त्यामुळे टायमरने हलक्या आवाजात ‘लागला’ म्हणावे आणि त्या शब्दावर स्कोअररने बाण फिरवावा, अशी जोडी बसवली की चुका झपाट्याने कमी होतात.

शिट्टी वाजताच बाण फिरवला तर काय बिघडते? समजा हक्क अ संघाचा आहे. अ संघाचा खेळाडू चेंडू हातात घेऊन रेषेबाहेर उभा आहे, आणि चेंडू सुटण्यापूर्वीच ब संघाच्या खेळाडूने आत फाउल केला. थ्रो-इन पूर्ण झालेला नाही, म्हणून अ संघाचा हक्क कायम आहे. फाउलच्या शिक्षेपोटी अ संघाला फाउलच्या जवळच्या जागेवरून थ्रो-इन मिळाला, तरी तो फाउलचा थ्रो-इन आहे. तो पूर्ण झाल्यावरही बाण फिरत नाही, पुढचा आळीपाळीचा हक्क अ संघाचाच राहतो. त्याऐवजी अ संघाच्याच खेळाडूने फाउल केला असता, तर चेंडू ब संघाकडे गेला असता, पण बाण तरीही अ संघाकडेच राहिला असता. घाईने फिरवलेला बाण या दोन्ही प्रसंगी अ संघाची पाळी गिळून टाकतो, आणि ते बहुधा पुढच्या हेल्ड बॉलपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

नियमभंगाचे मात्र उलट आहे. आळीपाळीचा थ्रो-इन घेताना अ संघानेच नियमभंग केला, उदाहरणार्थ 5 सेकंदांत चेंडू टाकला नाही किंवा चेंडू हातात असतानाच रेषेच्या आत पाऊल ठेवले, तर अ संघाची ही पाळी गेली. बाण ताबडतोब ब संघाकडे फिरवावा. शिवाय त्याच जागेवरून थ्रो-इनही ब संघालाच मिळतो. म्हणजे आताचा चेंडू ब संघाचा आणि पुढच्या जंप बॉलच्या प्रसंगाचाही हक्क ब संघाचा. कोच हमखास टेबलाकडे येतात आणि ‘दोन वेळा त्यांनाच कसे?’ असे विचारतात. उत्तर असे की आताचा थ्रो-इन नियमभंगाच्या शिक्षेचा आहे, त्यात त्यांची आळीपाळीची पाळी वापरली गेलेली नाही. त्यामुळे ब संघाचा हा थ्रो-इन पूर्ण झाल्यावर बाण पुन्हा फिरवू नये. माझ्या अनुभवात ही चूक प्रशिक्षित स्कोअररकडूनही होते.

आणखी एक प्रसंग. अ संघाच्या आळीपाळीच्या थ्रो-इनवर चेंडू आत आला, अ आणि ब या दोन्ही संघांच्या खेळाडूंनी तो एकदमच धरला आणि पुन्हा हेल्ड बॉल झाला. चेंडूला स्पर्श झाला, म्हणजे पहिला थ्रो-इन संपला आणि बाण ब संघाकडे गेला. आता थ्रो-इन ब संघाला मिळेल. दोन शिट्ट्यांमध्ये एक सेकंदही गेलेला नसतो, म्हणून बोट बाणावर असण्याचे महत्त्व इथे कळते.

*इशारा: प्रत्येक थ्रो-इननंतर बाण फिरत नाही. चेंडू साधा बाहेर गेला, फाउल झाला, बास्केट झाले, टाइम-आउट झाला, तर बाणाला हात लावायचा नाही.*

टप्पा 5: क्वार्टर, मध्यंतर आणि ओव्हरटाइम

क्वार्टर संपताना ज्याचा हक्क आहे तो संघ पुढचा क्वार्टर सुरू करतो. थ्रो-इन टेबलाच्या समोरच्या बाजूने, मध्यरेषेच्या वाढीव भागावरून होतो. खेळाडूचा एक पाय रेषेच्या एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला असतो, आणि तो मैदानात कुठेही पास देऊ शकतो. हासुद्धा आळीपाळीचाच थ्रो-इन आहे, म्हणून आत स्पर्श झाला की बाण फिरवायचा. क्वार्टरच्या सुरुवातीला बाण फिरवायचा राहून जाणे ही शालेय सामन्यांतील बहुधा सर्वांत सर्रास चूक आहे, कारण त्या वेळी अंगठे वर करण्याची खूण होत नाही आणि स्कोअरर गुणपत्रिकेत मागील क्वार्टरची रेघ ओढण्यात गुंतलेला असतो. रेघ विश्रांतीतच ओढून घ्यावी.

विश्रांतीत तांत्रिक फाउल (शारीरिक धक्क्याशिवायचा, गैरवर्तनाचा फाउल) झाला तर आधी 1 फ्री थ्रो होतो आणि मग क्वार्टर बाणाप्रमाणेच सुरू होतो. शिक्षेत फ्री थ्रोनंतर थ्रो-इनही समाविष्ट असेल, तर खेळ त्या थ्रो-इनने सुरू होतो. त्या संघाने बाण वापरलेला नसल्याने बाण होता तसाच राहतो.

मध्यंतरात संघ बास्केटची अदलाबदल करतात. पूर्वार्ध संपताच स्कोअररने बाणाची दिशा उलटी करावी, असे नियमच सांगतो. हक्क बदललेला नाही, केवळ मैदान उलटे झाले आहे. म्हणून कागदावर नवा संघ लिहू नये. ‘मध्यंतर: दिशा बदलली, हक्क ब संघाचाच’ अशी ओळ लिहावी आणि पायथ्याशी ठेवलेला रंगांचा कागदही उलटा करावा.

काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय सामन्यात मी टेबलाच्या मागे बसलो होतो. मध्यंतर झाल्याबरोबर स्कोअरर मुलीने बाण बरोबर उलटा केला आणि ती पाणी प्यायला गेली. मागून तिचे सहायक आले, त्यांनाही मध्यंतरात बाण उलटा करायचा असतो हे पक्के ठाऊक होते, आणि त्यांनी तो पुन्हा उलटा केला. तिसरा क्वार्टर चुकीच्या संघाने सुरू केला. त्या मुलीला काहीतरी खटकत होते, ती सारखी बाणाकडे आणि बेंचकडे पाहत होती, पण कागदावर काहीच लिहिलेले नसल्याने ती ठामपणे बोलू शकली नाही. तेव्हापासून मी वर सांगितलेली ओळ सक्तीची केली आहे.

ओव्हरटाइममध्ये संघ चौथ्या क्वार्टरमधल्याच बास्केटवर चढाई करतात. त्यामुळे दिशा बदलायची नाही. ओव्हरटाइमही जंप बॉलने सुरू होत नाही, बाण ज्याचा त्याच्या थ्रो-इनने सुरू होतो.

*तपासणी: तिसऱ्या क्वार्टरपूर्वी मुख्य पंचांना बाण दाखवून ‘हक्क निळ्यांचा’ असे रंगाने सांगावे आणि त्यांच्याकडून होकार घ्यावा.*

एका पूर्वार्धाची नोंद

ब संघाने पहिला ताबा घेतला, हक्क अ. पहिल्या क्वार्टरमध्ये घड्याळात 6:12 असताना हेल्ड बॉल, अ संघाचा थ्रो-इन पूर्ण, हक्क ब. दुसरा क्वार्टर ब संघाने सुरू केला, स्पर्श झाला, हक्क अ. घड्याळात 3:40 असताना चेंडू रिंग आणि बोर्डमध्ये अडकला, अ संघाचा थ्रो-इन पूर्ण, हक्क ब. मध्यंतर: दिशा बदलली, हक्क ब संघाचाच.

या नोंदीवरून एक पडताळा घेता येतो. पहिला हक्क ज्याला मिळाला तो संघ लक्षात ठेवावा आणि त्यानंतर हक्क किती वेळा बदलला ते मोजावे. संख्या सम असेल तर हक्क पुन्हा त्याच संघाचा, विषम असेल तर दुसऱ्याचा. वर पहिला हक्क अ संघाचा होता, तो 3 वेळा बदलला, म्हणून आता ब संघाचा. मध्यंतरातील दिशाबदल या मोजणीत धरायचा नाही, आणि नियमभंगामुळे गेलेली पाळी मात्र धरायची. प्रत्येक विश्रांतीत हा पडताळा घ्यायला दहा सेकंद पुरतात.

टप्पा 6: शॉट क्लॉकशी मेळ

ज्या स्पर्धांत शॉट क्लॉक आहे तिथे बाणाचा परिणाम त्यावरही होतो. हेल्ड बॉलनंतर बाणामुळे चेंडू आधीच्याच संघाकडे राहिला, तर उरलेला वेळच पुढे चालतो, नवे 24 सेकंद मिळत नाहीत. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर त्यांचा नवा वेळ सुरू होतो. शॉट मारल्यावर चेंडू रिंग आणि बोर्डमध्ये अडकला आणि बाण शॉट मारणाऱ्या संघाचाच असेल, तर 14 सेकंद मिळतात. म्हणून शॉट क्लॉकवाल्याने पंचांनी दिशा दाखवेपर्यंत बटण दाबू नये.

टप्पा 7: चूक लक्षात आली तर

चूक केव्हा लक्षात आली यावर सर्व अवलंबून आहे. चेंडू चुकीच्या संघाच्या हाती थ्रो-इनसाठी दिला गेला आहे, परंतु आत कोणाचाही स्पर्श झालेला नाही, तर पंचांचे लक्ष वेधावे. चूक तिथेच दुरुस्त होते. स्पर्श झाल्यानंतर मात्र ती दुरुस्त करता येत नाही. खेळ थांबवून चेंडू परत मागवण्याची कोचची मागणी मान्य होणार नाही.

तथापि ज्या संघाची पाळी चुकून डावलली गेली त्याचा हक्क बुडत नाही. पुढचा आळीपाळीचा थ्रो-इन त्याच संघाला मिळतो. म्हणजे बाण त्यांच्याकडे ठेवायचा, आणि झालेल्या चुकीच्या थ्रो-इनमुळे तो फिरवायचा नाही. अनेक टेबलांवर घाबरून बाण दोनदा-तीनदा फिरवला जातो आणि मूळ चूक अधिकच गुंतागुंतीची होते. अशा वेळी हात बाणावरून काढावा, कागदावर शेवटची खात्रीची ओळ शोधावी, तिथपासून मोजावे आणि पुढच्या मृत चेंडूच्या वेळी, म्हणजे खेळ थांबलेला असताना, मुख्य पंचांना शांतपणे सांगावे. चूक झाकण्याचा मोह होतो, विशेषतः विद्यार्थ्यांना, कारण त्यांना रागावले जाण्याची भीती वाटते. त्यांच्यासोबतच्या शिक्षकांनी सामन्यापूर्वीच त्यांना स्पष्ट सांगावे की चूक सांगितल्याबद्दल कोणीही रागावणार नाही.

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये टेबलावर बसणाऱ्यांसाठी

तिथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांतील पालक मुलांच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून स्कोअररचे काम करतात. इथे शिकलेली पद्धत तिथे जशीच्या तशी चालत नाही.

हायस्कूलच्या नियमांत प्रत्येक ओव्हरटाइम जंप बॉलने सुरू होतो, त्यामुळे बाण नव्याने ठरतो. दुसरा, तिसरा आणि चौथा क्वार्टर मात्र बाणानेच सुरू होतात. सुरुवातीच्या जंप बॉलनंतर नियमभंग झाला तर तिथे मैदानातील ताब्याची वाट पाहिली जात नाही. थ्रो-इन घेणाऱ्याच्या हाती चेंडू दिला गेला की लगेच बाण त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे ठेवतात. आळीपाळीच्या थ्रो-इनवर प्रतिस्पर्ध्याने चेंडूला मुद्दाम लाथ मारली, तर थ्रो-इन संपला असे धरत नाहीत. त्या संघाला नियमभंगाचा नवा थ्रो-इन मिळतो आणि बाणही त्याच्याकडेच राहतो.

सर्वांत फसवा फरक शब्दांचा आहे. हायस्कूलच्या नियमपुस्तकात संघाचे ‘स्वतःचे बास्केट’ म्हणजे ज्यात तो गुण करतो ते, तर फिबाच्या पुस्तकात ज्याचे तो रक्षण करतो ते. एका पुस्तकाची सवय असलेल्याने दुसऱ्यातील सूचना वाचून बाण लावला तर तो बरोबर उलटा लागतो. म्हणून दोन्हीकडे ‘चढाईची दिशा’ हेच शब्द मनात धरावेत. एनबीएचे सामने पाहणाऱ्या मुलांना हेही सांगावे लागते की तिथे हेल्ड बॉलनंतर आजही चेंडू उडवला जातो, आणि शाळेच्या सामन्यात त्यांनी वर्तुळाकडे धाव घेण्याऐवजी टेबलाकडे पाहावे.

मुलांकडून करून घ्यायचा सराव

वर्गात टेबल, बाण आणि कागद ठेवावा. शिक्षकांनी एकापाठोपाठ पंधरा-वीस प्रसंग तोंडी सांगावेत: ‘हेल्ड बॉल’, ‘चेंडू दिला’, ‘ब संघाचा फाउल’, ‘अ संघाचा थ्रो-इन, लागला’, ‘क्वार्टर संपला’, ‘पाच सेकंद झाले’, ‘मध्यंतर’. मुलाने प्रत्येक वेळी बाण हलवायचा की नाही हे हाताने दाखवावे, तोंडाने हक्क कोणाचा ते सांगावे आणि ओळ लिहावी. मधूनच बाणावर कापड टाकून केवळ कागदावरून हक्क विचारावा. ज्या मुलाला झाकलेल्या बाणाचा हक्क सलग दोन फेऱ्यांत बिनचूक सांगता येतो, त्याला पुढच्या सामन्यात टेबलावर बसवावे.